चाचांनी न दिलेला सल्ला

निवडणूक जवळ आली की आमच्या कर्जतमध्ये जो तो 'भावी' होतो. भावी सरपंच, भावी नगरसेवक, भावी आमदार. चौकाचौकात फ्लेक्स लागतात, आणि फ्लेक्सवर काळे गॉगल. चाचांच्या छपाईच्या दुकानात मात्र 'भावी' छापून मिळत नसे. गळ्यात साखळी घातलेला एखादा पोरगा दोस्तांना घेऊन यायचा आणि मोबाईलमधला फोटो पुढे धरायचा. चाचा चष्म्याच्या वरून आधी फोटोकडे बघायचे, मग पोराकडे.

"वाढदिवस हाय ना? मग वाढदिवसाचं छापतो. सरपंच झालात का?"

"होणार ना चाचा, पुढच्या टायमाला."

"मग पुढच्या टायमाला या. जो आजून झाला नाय त्याला मी छापत नाय."

दोस्त हसायचे, पोरगा चिडायचा, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. चाचांना त्याचं काही वाटत नसे. ते परत लग्नपत्रिकांकडे वळायचे. पत्रिका हाच त्यांचा खरा धंदा. भिसेगावच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं आणि कर्जत-खालापूर तालुक्यांतल्या निम्म्या लग्नांची आमंत्रणं तिथून निघायची. हिंदूंची लग्नं, मुसलमानांचे निकाह, सगळं एकाच टेबलावर.

पत्रिका छापणं म्हणजे किती जोखमीचं काम आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरानवरीचं नाव शोधावं लागतं. बाकी सगळी भाऊकी. कोणाचं नाव 'निमंत्रक' म्हणून, कोणाचं 'व्यवस्थापक' म्हणून, थोरल्या चुलत्याचं आधी की गावात मान असलेल्या धाकट्याचं, यावर माणसं वर्षानुवर्षं बोलायची बंद होतात. दुकानात हा वाद सुरू झाला की चाचा टेबलावरून हात करून सगळ्यांना बाहेरच्या बाकड्यावर धाडायचे. "भांडण भायेर, नावं आत," म्हणायचे. आणि खरंच, नावांचा क्रम ठरेपर्यंत कोणाला आत घेत नसत.

पण लोक त्यांना चक्रम म्हणत ते वेगळ्याच कारणानं. पत्रिकेचं प्रूफ निघालं की ज्याचं लग्न त्यानं स्वतः दुकानात यायचं, ते प्रूफ मोठ्यानं वाचायचं आणि शेवटी "मला मान्य आहे" असं म्हणायचं. त्याशिवाय मशीन सुरू होत नसे. बाप आला तर परत, मामा आला तर परत. "तुमचं लगीन हाय का? मग ज्याचं हाय त्याला आणा." नवरदेव पुण्याला कामाला आहे म्हटलं, तरी ऐकत नसत. लाजून अर्धमेल्या झालेल्या मुली त्या दुकानात उभ्या राहून स्वतःचंच नाव वाचायच्या, मागे सगळं घर उभं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पत्रिका हातात आली की अजूनही मनात त्या मुलींचा आवाज येतो.

एकदा खालापूरकडची एक मुलगी आली होती. बरोबर दोन चुलते. वाचता वाचता मुहूर्तापाशी अडली. "ही तारीख?" म्हणाली. "तवा माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा हाय."

थोरला चुलता म्हणाला, "परीक्षा काय गं, पुढल्या साली बी देता येती. पाव्हणं थांबायचं नायत."

तिनं पुढचं शेवटपर्यंत वाचलं. "मला मान्य आहे" तेवढं मात्र म्हणाली नाही. चाचांनी तिच्या हातातून प्रूफ घेतलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाले, "तारीख ठरली की या."

"ठरलीच हाय ना वो!"

"तुमची ठरली. हिची कुठं ठरली?"

चुलत्यानं दुकानात नको ते बोलून घेतलं आणि खोपोलीला जाऊन पत्रिका छापून आणल्या. लग्न त्याच तारखेला झालं. मुलीनं परीक्षा दिली नाही. चाचा ही गोष्ट कधी फुशारकीनं सांगत नसत. "मी छापलं नाय," म्हणायचे, "पर लगीन झालंच ना?"

मी कडावची. वडील दुधाचा रतीब घालतात. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला लाज नाही, उलट जरा मान वर होते. चाचांची ओळख झाली ती माझ्या भावाच्या लग्नात. वहीच्या कागदावर मी पत्रिकेची मांडणी करून नेली होती. भाऊकीची सगळी नावं मी एका कडेला उभी लावली होती, म्हणजे कोण वर, कोण खाली हा प्रश्न राहिला तरी मधली जागा नवरानवरीला मोकळी मिळत होती. चाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"कोनी केलं हे?"

"मी."

"बाकड्यावर बसून केलंस काय? भांडण नाय झालं?"

"झालं. पण मी ऐकलं नाय."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. बारावीनंतरच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायला जाऊ लागले. 'डिझाइन' नावाचं शिक्षण असतं, त्याची कॉलेजं असतात, प्रवेशपरीक्षा असतात, हे मला तिथेच एका गिऱ्हाइकाकडून कळलं. मी परीक्षा दिल्या. दोन ठिकाणी नाव लागलं. एक कॉलेज दूरचं, परराज्यातलं, जुनं आणि नावाजलेलं. दुसरं आमच्या खालापुरात, महामार्गाच्या कडेला नव्यानं उभं राहिलेलं, पुढून सगळी काच.

आता निवडायचं कोणी? वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तू शिकल्याली. तू बघ. आमाला त्यातलं काय कळतंय?" हे ते प्रेमानंच म्हणाले. पण ज्या घरात आधी कोणी शिकलेलं नसतं, तिथे पहिल्या शिकणाऱ्याला हे वाक्य किती एकटं पाडतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

तरी सगळे म्हणाले, जवळचं कॉलेज निदान बघून तरी येऊ. कॉलेज बघायला जाणं म्हणजे काय, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. स्थळ बघायला जाणं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून आम्ही तसेच गेलो. मामांच्या टेंपोत पुढे मामा आणि काकू, मागे वडील आणि मी. काकूनं ठेवणीतली साडी नेसली होती.

तिथल्या मॅडम माहितीपत्रक दाखवत होत्या. काकू त्यांना मध्येच थांबवून म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. पानी किती टायमाला येतं?"

"चोवीस तास," मॅडम म्हणाल्या. काकूनं माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे एक गोष्ट जमली. मामांनी संस्थाचालकांचं आडनाव विचारलं, त्यांचं मूळ गाव विचारलं, आणि त्या गावात आपला एक साडू निघतो म्हणून खूश झाले. वडिलांनी कँटीनमध्ये आमटीची चव घेतली. वॉचमन सगळ्या मुलींना 'ताई' म्हणत होता, तेही सगळ्यांना आवडलं. परतताना काकू म्हणाली, "घर चांगलं हाय." सगळे हसले. पण निकाल तोच होता.

शिकवतं कोण, हे कोणी विचारलं नाही. त्यांना ते सुचणार नव्हतं. मला सुचायला हवं होतं.

आणि दूरच्या कॉलेजचं खरं सांगायचं तर मला तिथली भीती वाटत होती. मुलाखतीला गेले तेव्हा बाकीच्या मुलांच्या हातात मोठमोठी काळी फोल्डरं होती आणि तोंडात फाडफाड इंग्रजी. माझ्या हातात मी जुळवलेल्या लग्नपत्रिका. समोर बसलेली माणसं चांगली होती, त्यांनी मला हसत हसत घेतलंही. पण वर्गात मी सगळ्यांत शेवटची असेन, हे मला परतीच्या गाडीतच दिसू लागलं होतं. मी खालापूरच्या कॉलेजला ईमेलवर होकार कळवून टाकला. घरी कोणी जोर केला नव्हता. तो होकार माझा होता.

तरी दुसऱ्या दिवशी चाचांना विचारलं. होकार दिलाय हे न सांगता विचारलं. का विचारलं, तर आपण केलंय ते बरोबर आहे असं कोणीतरी म्हणावं म्हणून. त्याआधीही दोनचारदा विचारलं होतं आणि दर वेळी तेच उत्तर मिळालं होतं. "मला काय विचारतेस? मी जानार हाय का तिथं?" त्या दुपारी लाईट गेली होती, मशीन बंद होतं, दुकानात आम्ही दोघंच. मी प्रश्नच फिरवून विचारला.

"चाचा, तुमची मुलगी असती तर?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मला माहीत होतं, पण बोलून गेल्यावर लक्षात आलं. ते बराच वेळ हातातल्या फडक्यानं टेबल पुसत राहिले. मग म्हणाले, "माझी मुलगी असती तर जवळ ठेवली असती गं."

एवढंच. याला सल्ला म्हणत नाहीत. एका माणसाला एक प्रश्न विचारला आणि त्यानं त्याचं मन सांगितलं. मला मात्र फार बरं वाटलं. दुकानातून निघताना मी त्यांना सांगितलं, "मग खालापूरच." आणि आपल्या बोलण्यानंच हे ठरलं, असं त्यांनी धरून ठेवलं.

दुसऱ्या वर्षाला असताना एक दिवस ते स्कूटरवरून खालापूरला आले. चाचींनी वाफवून दिलेली तांदळाची सांदणं डब्यात बांधून आणली होती, वर गुळाच्या पाकाची बाटली. "दाव तुझं कॉलेज," म्हणाले. मी काच दाखवली, कँटीन दाखवलं. ते म्हणाले, "मशीन कुठं हायत?" वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे एक मोठं कटिंगचं मशीन होतं. त्याच्यावर अजून प्लास्टिक होतं आणि प्लास्टिकवर धूळ. चाचांनी एका बोटानं धूळ पुसली, बोटाकडे बघितलं.

तिथले एक सर होते, त्यांना विचारलं, "हे चालू कवा करता?"

"पुढच्या सत्रात," सर म्हणाले. ते स्वतः त्याच सत्रात नोकरी सोडून गेले. आमचे सर असेच जात. एक नवीन यायचा, पहिल्यापासून सुरू करायचा आणि मधेच निघून जायचा.

चाचांनी सांदणं मला दिली आणि काही न खाता स्कूटरला किक मारली. जाताना म्हणाले, "मी तुझं वाटोळं केलं गं."

मी तिथेच, गेटवर, त्यांना सांगितलं. "चाचा, तुम्हाला विचारायच्या आदल्या दिवशीच मी होकार कळवला होता. तुमचा काही संबंध नाही."

"माझी समजूत काढतेस व्हय?"

"खरं सांगते."

"बरं बरं," म्हणाले, लहान मुलाला म्हणतात तसं.

पुढच्या सुट्टीत मी मोबाईलवर ती जुनी ईमेलच शोधून काढली आणि दुकानात जाऊन त्यांच्या समोर धरली. "ही बघा तारीख. ही आदली. तुम्हाला विचारलं ते दुसऱ्या दिवशी."

चाचांनी चष्मा पुसून वाचली. मग फोन परत देत म्हणाले, "तारखेचं काय घेऊन बसलीस? कॉम्प्युटरवर कसली बी तारीख टाकता येती. मी धंदाच तो करतोय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मला रडू आलं. खोटं असतं तर पटवता आलं असतं. खऱ्यासाठी माझ्याकडे याहून जास्त काही नव्हतं.

मी पदवी घेतली तेव्हा वडिलांनी कडावच्या नाक्यावर माझा फ्लेक्स लावायचं ठरवलं. घराण्यातली पहिली पदवी, मग फ्लेक्स नको? चाचांनी तो स्वतः बसून केला. फोटो सुंदर, अक्षरं सुंदर, माझं नाव लांबूनही वाचता येईल असं. वडिलांनी डोळे भरून पाहिला आणि म्हणाले, "चाचा, कॉलेजचं नाव ऱ्हायलं वाटतं."

"जागा नव्हती," चाचा म्हणाले.

तो फ्लेक्स आमच्या घराच्या पुढच्या भिंतीएवढा होता. वडिलांनी तो तसाच नाक्यावर लावला.

कॉलेज वाईट होतं, हे मी आजही सांगते. पण तिथे गेल्याचं खापर मी कोणावर फोडत नाही. तिसऱ्या वर्षी मला कळून चुकलं की इथे बसून काही हाताला लागणार नाही. खोपोलीजवळ पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी स्वतः जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मला शिकायचंय, कोपऱ्यात बसू द्या. पुठ्ठा कुठे घडी घेतो, कुठे फाटतो, गोंद किती लागतो, हे तिथे शिकले. आज नवी मुंबईत एका कंपनीत औषधांच्या खोक्यांचं डिझाइन करते. म्हाताऱ्या माणसाला आपली गोळी ओळखता यावी, खोका उघडता यावा, असं ते काम. चांगलं काम आहे. दूरच्या कॉलेजात गेले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कधीकधी तिथे शिकलेली माणसं कामानिमित्त भेटतात. ती एखादी गोष्ट सहज बोलून जातात आणि मी घरी येऊन ती गुपचूप शोधून वाचते, तेव्हा आतून काहीतरी दुखतं. ते दुखणं माझं आहे. त्याचा मालक दुसरं कोणी व्हावं, हे मला चालत नाही.

चाचांनी पाहिजे तेवढं चक्रमपण करावं, माझी ना नव्हती. पण माझ्या आयुष्यातली एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून काढून घेतली होती आणि काही केल्या ते ती परत देत नव्हते. साऱ्या तालुक्याला "ज्याचं त्याला आणा" म्हणणारा माणूस माझ्याच बाबतीत असा का वागला, याचा मी पुष्कळ विचार केला. कधी वाटतं, जन्मभर कोणाला काही न सांगणाऱ्या माणसानं एकदाच तोंड उघडलं होतं. त्या एका बोलण्यानं काहीच घडलं नाही, हे मान्य करण्यापेक्षा त्यानं वाईट घडलं हे मान्य करणं त्यांना सोपं गेलं असेल. मुलगी असती तर, असं मी म्हटलं होतं. दोष गेला असता तर त्याच्याबरोबर ती मुलगीही गेली असती. पण हे माझे अंदाज. त्यांना विचारायची सोय राहिली नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. वडिलांनी सकाळी रतीब घालून येताना फोन केला.

शेवटची भेट त्याआधीच्या उन्हाळ्यातली. मी दुकानात बसले होते. चाचा थकले होते, पत्रिका कमी झाल्या होत्या, लोक मोबाईलवरच आमंत्रणं पाठवू लागले होते. तेवढ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. थोरल्या मुलाची पत्रिका करायची होती. बोलता बोलता मुलीचा विषय निघाला. बारावी झालीय, चित्रं काढते, डिझाइनला जायचं म्हणते.

"चाचा, तुमाला यातलं म्हाईत असल. कुठं घालावी हिला?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. या बाबतीत मी बोलत नाय."

मुलगी माझ्याकडे वळली. डोळे चांगले होते, सरळ बघणारे. "ताई, पप्पा म्हणतात खालापूरचंच घे, जवळ हाय. तुमी तिथंच होता ना? कसं हाय ते कॉलेज?"

चाचा प्रूफावर खाली मान घालून बसले होते. हात मात्र थांबला होता. मी चांगलं म्हटलं असतं तर त्यांच्या मनावरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. इतकी वर्षं मी जे करू पाहत होते ते एका शब्दात झालं असतं. आणि ती मुलगी त्याच गेटातून आत गेली असती.

"चांगलं नाही," मी म्हणाले. "निदान माझ्या वेळी नव्हतं. आता काय आहे ते तू स्वतः जाऊन बघ. शिकवतं कोण ते विचार, शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून त्यांच्याशी बोल. आणि दूर जायची भीती वाटत असेल तर ती भीतीच आहे, एवढं ओळख. मी नव्हती ओळखली. मला कोणी तिथे पाठवलं नव्हतं. मी निवडलं होतं."

शेवटची दोन वाक्यं मी मुलीसाठी बोललेच नव्हते. चाचा उठले आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. बापलेक पत्रिकेचं ठरवून निघून गेले, तेव्हा चाचा स्वतःच दोन कप हातात धरून आले. एक माझ्यासमोर ठेवला.

"खरं बोललीस ते बेस केलंस," म्हणाले. "माझ्यामुळं एकीचं झालं, दुसरीचं नको."

"चाचा, तुमच्यामुळे नाही हो."

ते हसले. टेबलावरून वाकून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलणाऱ्या गुणी पोरीच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "पी. चहा निवतोय."

मी चहा प्यायले.